पुलावरची गाडी आणि मनातली भीड

मोटारगाडी ही आता खेड्यापाड्यांतील कुटुंबांनाही अपूर्वाईची वस्तू राहिलेली नाही. ज्या अंगणात पूर्वी बैलगाडी सोडलेली असे, तेथे आज लहानशी मोटार उभी दिसते. कोणी कर्ज काढून घेतलेली, कोणी आखातातल्या मुलाने पाठविलेल्या पैशांतून घेतलेली. गाडी दारात येते, फादर येऊन तिला आशीर्वाद देतात, झेंडूचा हार पडतो, घरातील एकदोघे रीतसर परवानाही काढतात. येथवर सर्व यथास्थित होते. परंतु शहरात जाण्याची वेळ आली, की भाड्याच्या ड्रायव्हराचा शोध सुरू होतो. गावातून हमरस्त्यापर्यंत बिनघोर गाडी नेणारा मनुष्य शहराच्या तोंडाशी येताच चाक दुसऱ्याच्या हाती देतो. असे करणारांत स्त्रिया असतात, तसे पुरुषही असतात; पुरुष फक्त कारण निराळे सांगतात.

ह्या भीतीचा एकदा नीट विचार करावा असे आमच्या मनात बरेच दिवस होते. त्याला निमित्त मिळाले ते उज्जैन येथे. गेल्या पावसाळ्याच्या सुमारास आम्हांस तेथील फ्रीगंज भागात काही आठवडे राहण्याचा योग आला. आमच्या वाचकांना हे नाव परके वाटेल, पण फ्रीगंज मराठी माणसाला अगदीच परके नाही. उज्जैन ही शिंद्यांची जुनी राजधानी. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरीस हलविले, तरी मराठी घराणी येथे राहिलीच. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी, माधवराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, लोहमार्गाच्या पलीकडे ही नवी वस्ती आखून वसविली गेली. माधवनगर हे तिचे रीतसर नाव. व्यापाऱ्यांनी येथे येऊन दुकाने थाटावीत म्हणून त्यांना जकातीची सूट दिली होती आणि त्यावरून ‘फ्री’ गंज हे नाव पडले, असे लोक सांगतात. आजही तेथल्या बाजारात हिंडताना मधूनच एखाद्या माडीवरून शुद्ध मराठी कानी पडते.

आता तेथील रहदारी पाहा. लोहमार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. क्षिप्रेच्या बाजूस जुने शहर व महाकालाचे देऊळ. ह्या बाजूस फ्रीगंज. दोहोंना जोडणारा मार्ग म्हणजे रुळांवरून जाणारा पूल. ह्या पुलाच्या एका टोकाला चामुंडा माता चौक आणि दुसऱ्या अंगाला थोड्या अंतरावर घड्याळाच्या मनोऱ्याचा टॉवर चौक. ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोकाचे उद्घाटन झाल्यापासून यात्रेकरूंचा ओघ फार वाढला आहे. त्यांच्या बाहेरगावच्या गाड्या, बॅटरीवरच्या रिक्षा, दूधवाल्यांच्या मोटारसायकली, हातगाड्या, शाळेची मुले आणि ह्या सर्वांहून निर्धास्त अशा गाई, ही सगळी मंडळी एकाच चढावर एकाच वेळी येतात. दर बारा वर्षांनी भरणारा सिंहस्थ २०१६ साली होऊन गेला व पुढचा २०२८ साली आहे. तेव्हा काय होईल ह्याची चर्चा फ्रीगंजच्या प्रत्येक पानाच्या ठेल्यावर चालते.

गंमत अशी, की ह्या गावाला रस्त्यातली कोंडी नवी नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ नाटक उज्जैनीतच घडते. आमच्या जुन्या पिढीतील वाचकांना गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत रूपातून ते ठाऊक असेल. त्या नाटकातील सारा अनर्थ ज्या प्रसंगातून उभा राहतो तो प्रसंग म्हणजे रस्त्यात अडकलेल्या गाड्या! खेड्यांतून आलेल्या बैलगाड्यांनी रस्ता कोंडला, म्हणून एक गाडीवान आपली गाडी चारुदत्ताच्या दाराशी उभी करून दुसऱ्याचे चाक सोडविण्यास गेला आणि तेवढ्यात वसंतसेना भलत्याच गाडीत जाऊन बसली. तेव्हा शेकडो वर्षांपूर्वीही ह्या नगरीत गाडीवानांचा जीव मेटाकुटीस येत असला पाहिजे.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्याच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब राहते. मूळचे श्रीरामपूरकडचे; यजमान रेल्वेच्या नोकरीनिमित्त इकडे आले व निवृत्तीनंतर येथेच राहिले. नाव देऊ नये असे बाईंनी सांगितल्यामुळे आम्ही ते देत नाही. मधुमेहाने यजमानांची दृष्टी मंदावली, तेव्हा त्यांनी गाडी चालविणे सोडले. बाईंनी मोठ्या हौसेने परवाना काढला, त्याला चार वर्षे झाली होती. ह्या चार वर्षांत गाडी गल्लीच्या तोंडापलीकडे गेली नव्हती. दर रविवारी यजमान तिच्यावरची धूळ झटकीत आणि बाई रिक्षाने मिस्सेला जात.

आम्ही तेथे जाण्यापूर्वी काही महिने, एका रात्री दोनच्या सुमारास, यजमानांच्या छातीत कळा येऊ लागल्या. शेजारचे लोक लग्नाला गेलेले. मुलगा पुण्यास. फोन करून वाहन बोलाविले, ते येईपर्यंत पाऊण तास गेला. तो पाऊण तास बाई ओसरीच्या पायरीवर बसून होत्या. समोर गाडी उभी, किल्ली खिळ्याला टांगलेली, परवाना पाकिटात. रस्ते त्या वेळी अगदी मोकळे होते. तरीही त्यांच्याने उठवले नाही. देवाच्या दयेने यजमान वाचले. उज्जैन धर्मप्रांताच्या पुष्पा मिशन रुग्णालयाचे नाव बाई त्यानंतर रोजच्या प्रार्थनेत घेऊ लागल्या. पण तो पाऊण तास त्यांच्या मनातून गेला नाही. ‘चोर घरात शिरला असता तर मी काठी घेतली असती,’ असे त्या आम्हांस म्हणाल्या, ‘आणि नवऱ्याच्या जिवासाठी मला किल्ली घेता आली नाही.’

त्यांचा भाचा इंदुरास एका कारखान्यात नोकरी करतो. त्याने महिनाभर सवड काढून सकाळ-संध्याकाळ येण्याचे कबूल केले. हा तरुण वयाच्या मानाने शहाणा निघाला. पहिल्याच दिवशी त्याने गाडी सुरू न करता तिच्यात नुसते बसून विचारले, ‘मावशी, तुला नेमकी कसली भीती वाटते? गाडी कोणाला लागेल ह्याची?’

बाईंनी बराच वेळ विचार केला व म्हणाल्या, ‘नाही रे. गाडी मध्येच बंद पडेल आणि मागचे लोक काय म्हणतील, ह्याची.’

आमच्या मते ह्या विषयातले मर्म ह्या एका उत्तरात आहे. गर्दीत गाडी नेण्याची भीती म्हणून जिला आपण म्हणतो, तिच्यात अपघाताची भीती रुपयात चार आणेच असते. उरलेले बारा आणे लोकभीड असते. आपण चुकू, चौकात सर्वांदेखत आपले हसे होईल, मागचा मनुष्य हॉर्न वाजवील, कोणी काच खाली करून बोलेल, ह्याचा तो धसका. धर्मोपदेशक ह्या लोकभिडेविषयी आपल्याला फार पूर्वीपासून सावध करीत आले आहेत. लोकांच्या नजरेपायी मनुष्य चांगले काम टाळतो, असे ते सांगतात. ते प्रार्थनेविषयी आणि पापनिवेदनाविषयी सांगत असत. मोटारीच्या चाकालाही ते तितकेच लागू पडते.

अपघाताच्या भीतीचे चार आणे मात्र सोन्यासारखे जपावेत. ती भीती असावीच. भारत सरकारच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. पण ती कोठे मृत्यू पावली हे पाहिले, तर खेड्यातल्या मनुष्यास आश्चर्य वाटेल. त्यांपैकी सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले होते. शहरातल्या कोंडीत नव्हे, तर ज्या मोकळ्या हमरस्त्यावर आपण निर्धास्तपणे पाय दाबतो, तेथे बहुतेक माणसे गेली; आणि दर दहांतील सुमारे सात मृत्यूंच्या मुळाशी अतिवेग होता. ह्याचे कारण उघड आहे. ताशी २० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साडेपाच मीटर जाते. ताशी ६० ने साडेसोळा. आणि ब्रेक दाबल्यावर थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या तिपटीला तिप्पट नव्हे, नऊपट होते. फ्रीगंजच्या पुलावर सायंकाळी सहा वाजता कोणाचीही गाडी बैलाच्या चालीपेक्षा फारशी जलद जात नाही. तेथे पत्रा चेपतो, आरसा मोडतो, दोन शब्द होतात. जीव जाण्याचा प्रसंग क्वचित येतो. आपले मन मात्र नेमके उलट हिशेब करते: हमरस्त्यावर गाणी म्हणते आणि पुलावर थरथरते.

भीती घालविण्याचा मार्ग म्हणून पुष्कळ जण ‘एकदा उडी मार, म्हणजे जाईल’ असा सल्ला देतात. पोहणे शिकविताना मुलांना विहिरीत ढकलून देणाऱ्या काकांचा हा संप्रदाय. त्याने काही जण पोहायला शिकतात हे खरे. पण काही जण जन्मभर विहिरीकडे फिरकत नाहीत, त्यांची गणती कोणी करीत नाही. ह्याहून सौम्य मार्ग शंभर वर्षांपूर्वीच सापडलेला आहे. १९२४ साली अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स ह्या विदुषीने तीन वर्षांच्या आसपासच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. तिने त्याला पीटर असे नाव दिले होते. पीटरला सशाची भयंकर भीती. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवीत. दिवसेंदिवस, मुलाला सोसेल तितकाच, तो जवळ आणीत. शेवटी मूल सशाला कुरवाळू लागले. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे ह्या दक्षिण आफ्रिकेतील वैद्यांनी ह्याच धर्तीवर मोठ्या माणसांच्या भीतीचा उपचार ग्रंथरूपाने मांडला.

भाच्याला ही नावे ठाऊक नव्हती, पण त्याने केले ते हेच. पहिला आठवडा सूर्योदयाच्या वेळी कोठी रस्त्यावर. हा रस्ता रुंद व झाडांचा. तेथे त्या वेळी फिरायला निघालेल्या वृद्धांखेरीज कोणी नसते. दुसऱ्या आठवड्यात फ्रीगंजच्या आखीव गल्ल्या, परंतु दुकाने उघडण्यापूर्वी. ह्यात एक युक्ती आम्हांस विशेष आवडली. ज्या रस्त्याने दुसऱ्या दिवशी गाडी न्यायची, त्या रस्त्याने आदल्या सायंकाळी दोघे पायी जात. कोठे खड्डा आहे, कोणत्या दुकानासमोर मोटारसायकली आडव्या लागतात, कोणत्या वळणावर गाय बसते, हे सर्व बाई मोठ्याने बोलून ठेवीत. भीतीला अंधार लागतो. रस्त्याची खडान्खडा माहिती झाली म्हणजे तिला लपायला कोपरा उरत नाही. तिसरा नियम असा होता, की रोज वीस मिनिटे का होईना, पण रोज. रविवारी तीन तास आणि मग आठवडाभर गाडीला हात नाही, ह्याने दर रविवारी नवी सुरुवात होते.

आणखी एक गोष्ट त्याने कटाक्षाने पाळली. छाती धडधडू लागली, हात चाकाला घट्ट आवळले गेले, की तो गाडी कडेला घ्यायला लावी. परंतु घरी परतू देत नसे. दिवे मिचकते ठेवून दोघे तेथेच बसत. श्वास आत घेण्यास जितका वेळ, त्याच्या दुप्पट वेळ सोडण्यास, असे बाई दहाबारा वेळा करीत. धडधड ओसरली, की आणखी शंभर पावले पुढे जाऊन मगच गाडी वळवीत. ह्यातले शास्त्र सोपे आहे. भीती ऐन शिखरावर असताना मनुष्य पळाला, तर पळाल्यामुळे वाचलो असा धडा मन घेते आणि पुढच्या वेळी आणखी लवकर भिते. भीती आपोआप उतरते हे एकदा तिथल्या तिथे बसून अनुभवले, तर तोच धडा उलट होतो.

तिसऱ्या आठवड्यात पूल आला. सकाळी सहाला पूल रिकामा होता, तेव्हा काहीच झाले नाही. खरी परीक्षा चढावर थांबून पुन्हा निघण्याची. पायाने चालवायच्या क्लचची गाडी चढावर थांबली आणि ब्रेकवरचा पाय काढला, की ती मागे सरकते. मागे मोटारसायकलवाला अगदी चिकटून उभा असतो. शिकणाराचे काळीज तेथेच घशाशी येते. ह्याला उपाय हँडब्रेकचा. गाडी थांबली, की हँडब्रेक ओढावा. निघायच्या वेळी पहिला गीअर घालून क्लच सावकाश सोडावा, ॲक्सिलरेटर किंचित दाबावा. इंजिनाचा आवाज जड झाला व गाडीचे नाक जरासे उचलल्यासारखे वाटले, म्हणजे गाडीने ओझे खांद्यावर घेतले असे समजावे. मग हँडब्रेक सोडावा. गाडी केसभरही मागे जात नाही. हे एका मोकळ्या चढावर वीस-पंचवीस वेळा केले म्हणजे पायाला आपोआप येते. ज्यांच्या गाडीचे गीअर आपोआप बदलतात त्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

राहिली गाडी बंद पडण्याची गोष्ट. बाईंची सर्वांत मोठी धास्ती तीच होती, म्हणून भाच्याने एका रिकाम्या मैदानात ती मुद्दाम बंद पाडायला लावली. एकदा नव्हे, तीस वेळा. क्लच दाबा, ब्रेक दाबा, गीअर मोकळा करा, किल्ली फिरवा, गीअर घाला, निघा. आम्ही घड्याळ लावून पाहिले. त्याला ६ सेकंद लागले, बाईंना ११. चार वर्षे ज्या संकटाने त्यांना घरात बसविले होते, ते संकट ११ सेकंदांचे होते. हे ऐकून बाई प्रथम हसल्या आणि मग बराच वेळ बोलल्या नाहीत.

मग हॉर्न. आपल्याकडे हॉर्न ही शिवी आहे असे नवशिक्यास वाटते. वास्तविक आपल्या रस्त्यांवर बहुतेक वेळा तो ‘मी येथे आहे’ एवढेच सांगतो. ट्रकांच्या पाठीवर तर हॉर्न वाजवा अशी विनंतीच लिहिलेली असे. महाराष्ट्रात २०१५ साली व्यापारी वाहनांवर ती लिहिण्यास बंदी झाली आणि ती योग्यच झाली. परंतु एक वाक्य पुसल्याने सवय पुसत नाही. पुलावरचा मागचा मनुष्य आपल्यावर रागावला आहे असे धरून चालण्याचे कारण नाही. तो त्याच वेळी समोरच्या गाईलाही वाजवीत असतो आणि गाय ते मनाला लावून घेत नाही. बाईंची गाडी पाचव्या दिवशी पुलावर खरोखरीच बंद पडली. मागे गजर उठला. त्यांनी मोठ्याने आकडे मोजत किल्ली फिरविली. शेजारून एक बॅटरी रिक्षावाला वाकून म्हणाला, ‘आराम से, माताजी, कोई जल्दी नहीं है.’ त्याच्या रिक्षात सहा प्रवासी होते व त्यांना घाई होती हे दिसत होते. बाईंना त्या दिवशी नऊ सेकंद लागले.

चौकात कोणी कोणास वाट द्यावी ह्याबद्दलचे अज्ञान हेही भीतीचे एक कारण आहे. २०१७ च्या वाहनचालन नियमांत ते स्पष्ट आहे: वर्तुळाकार चौकात जो अगोदर शिरला त्याचा हक्क पहिला, सिग्नल अथवा पोलीस नसलेल्या साध्या चौकात उजवीकडून येणारास वाट द्यायची. फ्रीगंजात हे सर्वजण पाळतात असे आम्ही म्हणणार नाही. तरीही नियम ठाऊक असणाराचा हात डळमळत नाही. दुसरा चुकला तर त्याला जाऊ द्यावे. हक्क आपला असताना वाट देणे ह्यात कमीपणा तो कोणता?

‘आणि खरोखरीच अपघात झाला तर? पोलीस, कोर्ट?’ हा प्रश्न आम्हांस गावोगाव विचारला जातो. ज्याच्या हातून अपघात झाला त्याने थांबावे, जखमीस औषधोपचार मिळवून द्यावा आणि पोलिसांस कळवावे, असे कायदा सांगतो. पळून जाणे हाच मोठा गुन्हा. परंतु दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर थांबण्यासही लोक भितात आणि ह्या भीतीने कितीतरी जखमी रस्त्यावर पडून राहतात. येथे आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. मदत करणाऱ्या वाटसरूस त्रास होऊ नये म्हणून केलेल्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक ठरविले. पुढे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही व नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. ह्या मदत करणाऱ्यास कायद्याच्या पुस्तकात ‘गुड समॅरिटन’ म्हटले आहे. संत लूकच्या शुभवर्तमानातील यरुशलेम ते यरीहोच्या वाटेवरचा तो परका शोमरोनी भारताच्या कायद्यात जाऊन बसला आहे! ती बोधकथाही रस्त्यावरचीच. आणि तिच्यातले दोघे जण बाजूने निघून गेले ते बहुधा दुष्टपणाने नव्हे, भीतीनेच, असे आम्हांस वाटत आले आहे.

आपल्या गाड्यांत संत ख्रिस्तोफरचे पदक असते. १९६९ साली त्यांचा सण जागतिक पंचांगातून काढला गेला, तरी रोमच्या संतनामावलीत ते २५ जुलै रोजी आहेतच. पदक जरूर असावे. परंतु शेजारच्या गाडीवर लिंबू-मिरची ज्या हिशेबाने टांगलेली असते, त्याच हिशेबाने पदक टांगून ब्रेकची तपासणी टाळली जात असेल, तर त्यात संतांचा सन्मान नाही. गर्दीस भिणाऱ्या गृहिणींना आम्ही आणखी एका संतिणीची ओळख करून देऊ इच्छितो. रोमची संत फ्रान्सिस्का ही पंधराव्या शतकातील एक संसारी स्त्री, नवऱ्याची व मुलांची सेवा करता करता गरिबांच्या दारी जाणारी. अंधाऱ्या रात्री देवदूत कंदील घेऊन तिच्या पुढे चाले, अशी आख्यायिका आहे आणि तिच्यावरून ११ वे पायस ह्या पोपमहोदयांनी १९२५ साली तिला मोटार चालविणारांची आश्रयदाती ठरविले. कंदिलाचा उजेड चार पावलांपुरताच असतो. पुलाच्या पायथ्याशी उभे असताना दिसते ते पुढच्या गाडीचे मागचे चाक. त्यापलीकडचे सर्व नंतर.

व्हॅटिकनने जून २००७ मध्ये रस्त्यांवरील मेषपालकीय कार्याविषयी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा आहेत. गाडी हे सत्ता व बडेजाव मिरविण्याचे साधन होऊ नये, रस्त्यावर दुबळ्याचे रक्षण करावे, असा त्यांतल्या काहींचा आशय आहे. जो गाडी चालविण्याच्या स्थितीत नाही त्याला प्रेमाने परावृत्त करावे, असेही एक कलम आहे आणि ते भित्र्यांनाही लागू होते असे आम्ही समजतो. गुंगी आणणारे औषध चालू असेल, मागे झालेला अपघात रोज स्वप्नात येत असेल, चाकाशी बसताच डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर तेथे भाच्याचे काम नाही, डॉक्टरांचे आहे. ह्याच मार्गदर्शिकेत निघताना क्रुसाची खूण करावी असे सुचविले आहे आणि प्रवासात जपमाळेची शिफारस केली आहे. तिच्या संथ लयीमुळे चालविणाऱ्याचे लक्ष विचलित होत नाही, हे कारण देऊन. बाईंच्या गाडीत यजमान जपमाळ सांगतात, बाई उत्तर देतात. चढ सुरू होताच उत्तर थांबते. यजमान त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. चढ संपेपर्यंत दोघांच्या वाटणीचे तेच म्हणतात.

ज्यांच्याजवळ असा भाचा नाही, त्यांनी काय करावे? शिकाऊ परवाना सहा महिने चालतो व तीस दिवसांनंतर कायम परवान्याची परीक्षा देता येते. पण परीक्षा उतरल्याने शिकणे संपते असा कायद्यात कोठेही उल्लेख नाही. परवाना मिळाल्यावरही गाडी शिकविणारास महिनाभर शेजारी बसवावे व चार पैसे द्यावेत. शेजारी बसणारा ओरडणारा नसावा एवढी एकच अट. नवऱ्याने बायकोला शिकवू नये असे एक लोकमत आहे. त्यावर आम्ही काही लिहीत नाही.

आम्ही उज्जैन सोडले तेव्हा बाई आठवड्यातून दोनदा यजमानांना पूल ओलांडून जुन्या शहरातील नेत्रवैद्याकडे नेत होत्या. रात्रीचीही एक फेरी त्यांनी मुद्दाम करून पाहिली. दोन वाजता, कोणास काही झालेले नसताना, रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आणि परत. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते, तेव्हा मात्र त्या गाडी काढीत नाहीत. त्या दिवशी जुन्या शहरात मुंगीला वाट मिळत नाही. पहिल्या सोमवारी आम्ही त्यांना पुलावर पाहिले. हातात भाजीची पिशवी होती आणि अडकलेल्या मोटारींच्या रांगेच्या कडेने त्या पायी, सर्वांच्या पुढे चालल्या होत्या.